विचर ३ मध्ये सगळ्यांचं भलं केलं, तरी शेवटी सिरी परत का आली नाही?

(पुढे शेवट फोडलाय. गेम संपवला नसेल तर इथेच थांबा.)

तुम्ही लिहिलंय की गावकऱ्यांकडून पैसे घेतले नाहीत, जमेल त्याला जीवदान दिलं, तरी सिरी, म्हणजे गेमचा नायक गेराल्टची मानलेली मुलगी, गेली. कारण २०१५ च्या या गेममध्ये पाप-पुण्याचं खातंच नाही. सिरी जगते की नाही हे केर मोरहेन या विचरांच्या (पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्यांच्या) किल्ल्यावरच्या लढाईनंतरच्या पाच प्रसंगांवर ठरतं, बाकी कशावरही नाही.

पहिल्याच प्रसंगात बरेच जण फसतात. गेराल्टचा गुरू वेसेमिर त्या लढाईत गेल्यावर सिरी खचून बसलेली असते. ‘सगळंच जमायला हवं असं नाही’ हे उत्तर किती समजूतदार वाटतं! पण ते निवडलं की ती आणि गेराल्ट दारू पीत बसतात आणि गुण वजा होतो. तिचा मूड बदलायचा पर्याय घ्या. मग दोघं बर्फाचे गोळे मारत खेळतात, तो जमेचा गुण.

पुढे तिला तिच्या सख्ख्या बापाकडे, निल्फगार्डचा सम्राट एमहिरकडे नेलंत तर बक्षिसाचे पैसे नाकारा. चेटकिणींच्या लॉजसमोर, म्हणजे त्यांच्या गुप्त मंडळासमोर, तिला एकटीला जाऊ द्या. सोबत गेलात तर वजा. तिचा एल्फ गुरू अव्हालाखच्या प्रयोगशाळेत ती चिडते तेव्हा ‘शांत हो’ म्हणू नका, तोडफोड करू द्या. तिला पूर्वी मदत केलेल्या स्कॅलच्या थडग्यापाशी मात्र तिच्याबरोबर जा, ‘वेळ नाही’ म्हणू नका. पोरीवर विश्वास टाकता की तिला जपत बसता, एवढंच गेम बघतो. काळजीवाहू बाप इथे हमखास नापास.

किमान तीन जमेचे असले की ती वाचते. एमहिरला भेटलाच नाहीत तरी चालतं, मग ती विचर होते.

सिरी सम्राज्ञी होण्याचा शेवट हवा असेल तर काम वाढतं. एमहिरची भेट हवीच, शिवाय निल्फगार्डने युद्ध जिंकायला हवं. त्यासाठी निल्फगार्डशी लढणारा उत्तरेचा राजा राडोविडला मारायच्या कटात सामील व्हा आणि शेवटी कटातला एक साथीदार डायक्स्ट्रा दुसऱ्यावर, रोशवर, उलटतो तेव्हा रोशच्या बाजूने लढा. तिथून काढता पाय घेतलात तर उत्तरेची सत्ता डायक्स्ट्राकडे जाते. कटाची आधीची कामं सिरीला आणायला आइल ऑफ मिस्ट्स या बेटावर निघण्यापूर्वीच (म्हणजे केर मोरहेनच्या लढाईआधी) उरकावी लागतात, नंतर ती बाद होतात.

तिथे निघताना गेम सूचना देतो, तेव्हाच हाताने वेगळा सेव्ह करा. ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका, जुने पुसले जातात. तुमच्याकडे लढाईनंतरचा, वेसेमिरच्या अंत्यसंस्काराच्या आसपासचा सेव्ह उरला असेल तर पाचही प्रसंग तिथून पुन्हा खेळता येतील.