लिमिट होल्डएममध्ये चांगली पानं हातात असूनही डाव कधी सोडावा?

तुम्ही लिमिट होल्डएम या पोकरच्या प्रकारात ४/८ डॉलरच्या टेबलावर (ठरलेली बेट आधी ४, शेवटच्या दोन फेऱ्यांत ८) एक्का-राजा घेऊन रेज केलंत, म्हणजे बेट वाढवलीत, सहा जण डावात राहिले, फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) आला १०-७-६. तुमच्या आधी एकाने बेट लावली, दुसऱ्याने रेज केलं, आणि तुम्ही शेवटपर्यंत कॉल करत, म्हणजे तेवढेच पैसे टाकत, हरलात. त्या डावाकडे शेवटी येतो, कारण तो वाटतो तितका सरळ नाही.

तीन पत्तीवर वाढलेल्या आपल्या लोकांची इथे एक सवय आडवी येते. दिवाळीत घरी ट्रेल हातात आली की पॅक कोण करतं? आणि ते बरोबरच, तिथे आलेली तीन पानं बदलत नाहीत. होल्डएममध्ये हातात दोन आणि टेबलावर पाच यायची असतात. एक्क्यांची जोडी एका कुठल्याही हातासमोर साधारण ८५ टक्के वेळा जिंकते, पाच हातांसमोर जेमतेम ४९ टक्के. जोडी तीच, गिऱ्हाइकं वाढली.

मी हे पैसे भरून शिकलो. कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ एका कार्डरूममध्ये शुक्रवारी रात्री ४/८ खेळायचो. राजांची जोडी आली, रेज केलं, सहा जणांचे आठ-आठ, पॉट (मधली जमा रक्कम) ४८ डॉलर. फ्लॉप: बदामचा एक्का, बदामची नव्वी, किलवरची अठ्ठी. स्मॉल ब्लाइंडने ४ लावले, बिग ब्लाइंडने ८ केले (पानं बघण्याआधीच सक्तीने पैसे लावणारे ते हे दोघे). आता मला ८ टाकून ६० साठी खेळायचं, म्हणजे साडेसातपट. सहा जणांत कुणाकडे एक्का नाही असं मानायला मी काही खुळा नव्हतो. मला वाचवणारे राजे उरले दोन, ते पुढच्या पानावर यायचा हिशेब साधारण २२ ला १, म्हणजे बावीसदा हुकणार तेव्हा एकदा येणार, आणि मिळणार फक्त साडेसातपट. तरी मी कॉल केला, टर्नवर (चौथं पान) ८, रिव्हरवर (पाचवं, शेवटचं पान) ८. राजे टाकवत नाहीत हो हातातून! एक्का-नव्वी दाखवून त्या काकांनी पॉट ओढला. २४ डॉलर निव्वळ जोडीच्या मानापोटी गेले. राजे हातात असताना फ्लॉपवर एक्का यायची शक्यता २२-२३ टक्के असते, म्हणजे हे पुन्हा पुन्हा होणारच. गुलामांची जोडी असेल तर वरचं एखादं पान ५७ टक्के वेळा येतं.

मग मी शहाणा झालो आणि उलटी चूक केली. राण्यांची जोडी, समोर एकटा बिग ब्लाइंड. त्याने माझ्यावर री-रेज केलं, पुढे प्रत्येक पानावर लावत गेला, मी साथ देत होतो. रिव्हरला राजा पडला, त्याने पुन्हा ८ लावले. पॉटमध्ये ५८. मी मोठ्या रुबाबात राण्या टाकल्या, आणि त्याने हसत गुलामांची जोडी दाखवली. ८ टाकून ५८ मिळत असतील तर आठांत एकदा बरोबर ठरलो तरी पुरे होतं. लिमिटमध्ये बेट ठरलेली असते, समोरचा तुम्हाला घाबरवून हाकलू शकत नाही, म्हणून शेवटच्या पानावर एकट्यासमोर बऱ्यापैकी जोडी टाकणं बहुतेक वेळा महागात पडतं. टाकायची असेल तर फ्लॉपवर टाका, नाहीतर टर्नवर, जिथे बेट दुप्पट होते.

टर्नवरच्या रेजला सगळेच घाबरतात. रात्रभर गप्प बसलेल्या माणसाने टर्नला रेज केलं तर त्याच्याकडे बहुधा दोन जोड्या किंवा त्याहून वरचं काही असतं, हे खरं. पण तुमच्याकडे एक्के आहेत, टेबलावर ९-८-४-२ आणि त्याच्याकडे नऊ-आठ असं धरा. तरीही दोन एक्के, तीन चव्वे, तीन दुर्र्या तुम्हाला वाचवतात: ४४ पैकी आठ पानं, साडेचारला एक. पॉट मोठा असेल तर कॉल. तेच टेबलावर एकाच रंगाची तीन पानं आहेत, तुमच्याकडे त्या रंगाचं एकही नाही, आणि तुमच्यापुढे बेट आणि रेज दोन्ही झालंय, तर एक्केही खुशाल टाका.

फ्लॉपच्या आधी टाकायचे हात लोकांना वाटतात त्याहून वेगळे आहेत. एक्क्यांची किंवा राजांची जोडी तिथे मी कधीच टाकत नाही. टाकायची ती वेगवेगळ्या रंगांची एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी, तीही समोरच्याने पहिल्याच जागेवरून रेज केलं असेल आणि तो तासाला दोन डाव खेळणारा असेल तर. त्याच्याकडे बहुधा एक्का-राजा नाहीतर मोठी जोडी असते. एक्का पडला की तुम्ही खूश होता, आणि तोही.

आता तुमचा डाव. फक्त ४ ची बेट असती, तर पॉट ५२ म्हणजे तेरापट. एक्के-राजे मिळून सहा पानं उरतात, ४१ ला ६, म्हणजे जवळजवळ सातला एक. मागून कुणी रेज करणार नसेल तर कॉल ठीक होता. पण रेज आल्यावर ८ ला ६०, तेच साडेसातपट. त्यात १०-७-६ वर कुणीतरी नऊ-आठ घेऊन आधीच सरळ (सलग पाच पानं) बनवून बसलेला असू शकतो, कुणाकडे दोन जोड्या, कुणाकडे राजा-दहा. सहापैकी निम्मी पानंसुद्धा तुमच्या कामाची नव्हती. मी तिथेच टाकले असते.