‘जप्त’ म्हणायला वॉरंट लागतं का?

लक्ष्मीपुरीतल्या एका वाचकानं विचारलंय: ‘संशयिताकडून तीन दुचाकी जप्त’ अशी बातमी आली, पण पोलिसांकडं वॉरंट नव्हतं. मग ‘ताब्यात घेतल्या’ म्हणायला नको का? झडती आणि जप्ती एकच का?

‘जप्त’ बरोबरच आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ धरून ठेवणं, आवरणं. त्यात कोर्टाचा हुकूम कुठंच नाही. तो आपल्या डोक्यात येतो बँकेच्या, दिवाणी दाव्यांच्या जप्तीमुळं. तिथं ‘टाच आणणं’ हा जास्त नेमका शब्द आहे. तपासातली जप्ती निराळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, तिचं कलम 106 (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 102) सांगतं की चोरीचा संशय असलेली किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा स्थितीत सापडलेली वस्तू पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय धरू शकतो. दंडाधिकाऱ्यांना मात्र लगेच कळवायचं. कायद्याच्या मराठीत याला ‘अभिग्रहण’ म्हणतात. ठाण्यात तो शब्द उच्चारून बघा, मुद्देमाल कारकूनही वर बघेल.

झडती म्हणजे शोधणं, आणि ती रिकामीही जाते. घरझडती, अंगझडती हे शब्द चालतात. ‘घरजप्ती’ म्हटलं की घरच गेलं! वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम 185 प्रमाणं अधिकाऱ्यानं कारणं आधी लिहून ठेवायची: काय शोधतोय, आणि वॉरंट आणेपर्यंत थांबलं तर का चालणार नाही. त्या नोंदीची प्रत 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडं जायला हवी. आता झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं, मोबाईलवर केलं तरी चालतं. शिवाय दोन पंच, वस्तूंची यादी, त्यावर पंचांच्या सह्या. आपल्याकडं ‘त्याचा पार पंचनामा केला’ म्हणजे अब्रू काढली. खरा पंचनामा घरमालकाच्याही उपयोगाचा असतो, यादीची प्रत मागून घ्यावी.

‘ताब्यात’ हा शब्द मी माणसांसाठी राखून ठेवीन: संशयित ताब्यात, दुचाकी जप्त. आणि ‘गोवा बनावटीच्या दारूसह टेम्पो जप्त’ वाचून टेम्पो सरकारजमा झाला असं समजू नका. तो कायमचा काढून घ्यायचा की मालकाला परत द्यायचा, हे पुढं ठरतं. जप्तीनं मालकी जात नाही.