दातेरी कागद, स्वस्त चहा आणि राजाची माणसं

प्रश्न : ताई, अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासात 'इंडेंचर्ड सर्व्हंट' हा शब्द सारखा येतो. मराठीत कोणी 'करारबद्ध नोकर' लिहितं, कोणी सरळ 'गुलाम'. दोन्ही एकच का?

उत्तर : नाही हो, एकच नाही, आणि हा घोळ मिटायलाच हवा. १६०७ ला अमेरिकेत, व्हर्जिनिया या इंग्रजांच्या वसाहतीत, जेम्सटाऊन हे गाव वसलं, पुढे तिथे तंबाखूची लागवड जोरात सुरू झाली पण राबायला माणसं नाहीत, आणि तिकडे इंग्लंडात ढीगभर तरणी पोरं रिकामी, जहाजाच्या भाड्याला खिशात दमडी नाही. मग भाडं दुसऱ्याने भरायचं आणि बदल्यात साधारण चार ते सात वर्षं त्याच्याकडे राबायचं असा करार व्हायचा. भाडं भरणाऱ्याला व्हर्जिनियात माणशी ५० एकर जमीनही मिळायची, म्हणजे त्याचा दुहेरी फायदा.

नाव पडलंय ते त्या कागदावरून. करार एकाच कागदावर दोनदा लिहायचे आणि मधून करवतीच्या दात्यांसारखा वेडावाकडा कापायचे, एक तुकडा मालकाकडे, एक नोकराकडे, उद्या तंटा झालाच तर तुकडे जुळवून बघायचे, दात्यात दाता बसला की कागद खरा. लॅटिनमधल्या 'दात' या शब्दावरूनच इंडेंचर आलंय.

आता यात सुख होतं असं अजिबात नाही. मालक उरलेली वर्षं परस्पर दुसऱ्याला विकू शकायचा, त्याच्या परवानगीशिवाय लग्न करता यायचं नाही, पळून जाताना सापडलं की वर्षं वाढायची, आणि कितीतरी जण मुदत संपायच्या आतच तापाने गेले. पण मुदत होती! ती संपली की थोडे कपडे, थोडा मका घेऊन माणूस मोकळा, आणि त्याची पोरं कोणाच्या मालकीची नसायची.

फरक कुठे पडला ते बघायचं तर १६४० चा व्हर्जिनियातलाच खटला बघा. तीन नोकर एकाच मालकाकडून पळाले, तिघंही पकडले गेले, तिघांनाही तीस-तीस फटके. त्यातल्या दोघा युरोपियनांची चाकरी चार वर्षांनी वाढली, आणि तिसरा जॉन पंच, तो काळा, त्याला सांगितलं जन्मभर राबायचं. गुन्हा तोच, कोर्ट तेच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून नुसती बसून राहिले होते. पुढे १६६२ मध्ये तिथे कायदाच झाला की मूल आईच्या दर्जाचं, आई गुलाम तर मूलही गुलाम. म्हणून म्हणते, या दोन शब्दांना एकच मराठी शब्द वापरू नका, तो दातेरी कागद एकाच्या हातात होता आणि दुसऱ्याच्या नव्हता.

प्रश्न : बोस्टन टी पार्टीच्या वेळी, म्हणजे बोस्टन बंदरात लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला तेव्हा, चहा उलट स्वस्त झाला होता असं वाचलं. मग फेकला कशाला?

उत्तर : बरोबर वाचलंत. अमेरिका तेव्हा इंग्रजांची वसाहत, आणि १७७३ च्या टी अ‍ॅक्टने, म्हणजे चहाच्या कायद्याने, तिच्यावर नवा टॅक्स लावलाच नाही. एक पाउंड वजनाच्या चहाला तीन पेन्सचा टॅक्स १७६७ पासूनचा होता, १७७० मध्ये बाकीच्या मालावरचे काढले तेव्हा हा एकटा मुद्दाम ठेवलेला. ईस्ट इंडिया कंपनी (हो, आपल्याकडचीच ती) बुडायला आली होती, लंडनच्या गोदामात चहा पडून होता, म्हणून तिला तो थेट अमेरिकेत पाठवायची सवलत दिली. चहा स्वस्त झाला खरा, पण विकायचा कोणी तर कंपनीच्या ठरावीक माणसांनी, त्यात तिथला गव्हर्नर हचिन्सन याचे दोन मुलगे, म्हणजे बाकीचे व्यापारी आणि चोरटा चहा आणणारे दोघांच्याही पोटावर पाय.

पण खरी मेख वेगळी. स्वस्त म्हणून तो चहा घेतला की तीन पेन्स भरले गेले, आणि ते भरले म्हणजे पार्लमेंटला आपल्यावर टॅक्स लावायचा हक्क आहे हे कबूल केलं. इथेच 'व्हर्च्युअल रिप्रेझेंटेशन' हा शब्द येतो, म्हणजे स्वतःचा खासदार नसला तरी प्रतिनिधित्व आहे असं धरून चालणं. लंडनवाले म्हणायचे, मँचेस्टरचा तरी कुठे स्वतःचा खासदार आहे, पार्लमेंट सगळ्यांचंच बघतं. यावर मेरीलंडच्या डॅनियल ड्युलनी या वकिलाने १७६५ मध्येच उत्तर दिलं होतं आणि मला ते आजही बिनतोड वाटतं : इंग्लंडातल्या बिनमतवाल्यावर टॅक्स बसला तर त्याची झळ शेजारच्या मतदारालाही लागते, अमेरिकेवर बसला तर उलट इंग्लंडातल्या मतदाराचा भार हलका होतो.

१६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडल्या त्या अशा हिशोबाने, आणि त्याच रात्री, कारण दुसऱ्या दिवशी पहिल्या जहाजाची जकात भरायची मुदत संपत होती. तेव्हा लोक याला नुसतं 'चहाचा नाश' म्हणायचे, 'टी पार्टी' हे नाव कितीतरी वर्षांनंतरचं.

प्रश्न : लॉयलिस्ट म्हणजे गद्दार का?

उत्तर : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जिंकलेल्यांनी तसं म्हटलं. लॉयलिस्ट म्हणजे त्या युद्धात इंग्लंडच्या राजाशी इमान राखणारे अमेरिकेतले लोक, शेतकरी, पाद्री, व्यापारी सगळेच, आणि युद्धानंतर हजारोंनी घरंदारं सोडून गेले. त्यात काळी माणसंही होती, कारण बंडखोर मालकाला सोडून इंग्रजांकडे या, तुम्हाला स्वातंत्र्य देतो असं इंग्रजांनी जाहीर केलं होतं. १७८३ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात अशा सुमारे ३००० जणांची नोंद एका वहीत केली, नाव, वय, दिसायला कसा, आधी कोणाच्या मालकीचा होता, आणि मग त्यांना जहाजात बसवलं, बहुतेकांना आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाकडे.