काझी, मेयर की पाटील? आल्काल्देचा घोळ

प्रश्न : नमस्कार ताई, आमचे चिरंजीव कॉम्प्युटरवर चाच्यांचा गेम खेळतात, त्यात कॅरिबियनमधल्या प्रत्येक स्पॅनिश गावात एक आल्काल्दे भेटतो. नेटवर शोधलं तर कुठे मेयर लिहिलंय, कुठे मॅजिस्ट्रेट. हा माणूस नक्की करायचा काय? आपल्या पाटलासारखा का? चोरट्या व्यापाऱ्यांशी त्याचं साटंलोटं असायचं ते खरं का? आणि हे पद संपलं कधी?
– एक पालक, सांगली

उत्तर : नेटवरची दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, घोळ तिथंच होतो. आधी शब्दाची गंमत सांगते, मला कळलं तेव्हा जाम मजा वाटली होती. आल्काल्दे म्हणजे अरबी 'अल-काझी', आपला काझी तो हाच. स्पेनमध्ये कित्येक शतकं मुस्लिम राजवट होती, तिथून शब्द स्पॅनिशमध्ये घुसला, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला. त्याच गावात माणसं पकडून आणणारा जो अधिकारी असायचा तो आल्ग्वासील, आणि तो मूळचा 'अल-वजीर'! म्हणजे आपल्या बुद्धिबळातला वजीर तिकडे क्युबात चोर धरत फिरत होता म्हणा ना.

तर नावाप्रमाणे तो मुळात न्यायाधीश. प्रत्येक गावाची एक काबिल्दो असायची, म्हणजे नगरपालिकाच समजा, त्यात रेहिदोर नावाचे सभासद, आणि ते दरवर्षी 1 जानेवारीला साधारण दोन आल्काल्दे निवडायचे. उधारी, मारामारी, गुरं चोरली, वारसाचं भांडण, सगळं पहिल्यांदा त्याच्यापुढे, आणि हातात अधिकाराची काठी, ती काठी म्हणजेच न्याय. त्याशिवाय काबिल्दोची कामं वेगळी, मांसाचे भाव ठरवणं, वजनमापं तपासणं वगैरे, आणि क्युबात तर 1729 पर्यंत जमिनीसुद्धा काबिल्दोच वाटायची. आता जमीन वाटणारे कोण तर गावातलेच गुरंवाले, आणि जमीन मिळणारे कोण ते मी सांगायला नको.

पाटलाशी तुलना अर्धीच जमते. पाटीलकी वतन, बापाकडून मुलाकडे जाणारी, आणि पाटलाचं मुख्य काम वसुलीचं. आल्काल्दे एका वर्षापुरता. रेहिदोरची पदं मात्र पुढे पुढे राजाने चक्क विकायला काढली, तिजोरी रिकामी होती ना, मग ज्याच्याकडे पैसा तो सभासद आणि तोच आल्काल्दे निवडणार.

साटंलोटं म्हणाल तर खरंच, पण त्याला नुसती लाचखोरी म्हणणं मला तरी पटत नाही. बायामोचंच बघा. पूर्व क्युबातलं आतल्या अंगाचं गाव, 1513 मध्ये वसलेलं, गुरं भरपूर, म्हणजे कातडी भरपूर. कायदा असा की व्यापार फक्त स्पेनशी, तोही सेव्हिलच्या मार्फत, आणि स्पेनचा ताफा जमायचा हवानाला, पार बेटाच्या दुसऱ्या टोकाला. बायामोकडे कोण फिरकतंय? फिरकायचे ते फ्रेंच, इंग्रज, डच. ते कापड आणायचे, गुलामही आणायचे, हे विसरायला नको, आणि कातडी घेऊन जायचे. अख्खं गाव त्यात, पाद्रीबुवांसकट. मग आल्काल्देने पकडायचं कोणाला, सासऱ्याला?

1603 च्या सुमाराला हवानाच्या गव्हर्नरने, पेद्रो दे वाल्देसने, मेल्चोर सुआरेस दे पोआगो नावाचा वकील चौकशीला धाडला. त्याने गावातल्या बहुतेकांना दोषी ठरवलं, आणि गाव पेटलं, लोक हत्यारं घेऊन उभे राहिले आणि साहेबांना हात हलवत परत जावं लागलं.

खरी मजा पुढच्याच वर्षी. 1604 मध्ये खिल्बेर्तो खिरोन नावाच्या फ्रेंच चाच्याने दौऱ्यावर आलेल्या बिशपलाच पळवलं आणि खंडणी मागितली, त्यात पैशाबरोबर कातडीसुद्धा! गावाने खंडणी भरून बिशप सोडवून आणला, मग दबा धरून खिरोनवर हल्ला केला, त्याला मारलं ते साल्वादोर गोलोमोन नावाच्या एका काळ्या गुलामाने. या प्रकरणावर 1608 मध्ये सिल्व्हेस्त्रे दे बाल्बोआने दीर्घ काव्य लिहिलं, क्युबाच्या साहित्याची सुरुवात बरेच जण तिथूनच धरतात. काल राजाचे गुन्हेगार असलेले तेच गाववाले त्यात शूरवीर. दरम्यान 1607 मध्ये राजाने बेटाचा कारभारच दोन भागांत वाटला, हवाना एकीकडे आणि सान्तियागो दुसरीकडे, कारण इतक्या लांबून पूर्वेकडे लक्ष ठेवणं जमत नव्हतं.

अरे हो, मुलाला सांगा की एर्नान कोर्तेससुद्धा मेक्सिकोवर चालून जायच्या आधी क्युबात सान्तियागोला आल्काल्दे होता. 1519 मध्ये वरिष्ठाला न जुमानता निघाला तेव्हा त्याने किनाऱ्यावर आधी व्हेराक्रूस नावाचं गाव कागदोपत्री उभं केलं, त्याला आल्काल्दे-रेहिदोर नेमले, आणि मग त्याच काबिल्दोकडून स्वतःला सेनापती करून घेतलं. पट्ठ्याला त्या काठीची किंमत बरोब्बर माहीत होती.

पद संपलं म्हणाल तर नाही. न्यायनिवाडा नंतर वेगळ्या कोर्टांकडे गेला, नगरपालिका उरली, म्हणून आज पोर्तो रिकोत किंवा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आल्काल्दे म्हणजे सरळ मेयर. त्रिनिदाद तर इंग्रजांनी 1797 मध्ये घेतलं तरी तिथली काबिल्दो तशीच चालू ठेवली, पोर्ट ऑफ स्पेनला टाउन कौन्सिल आलं ते 1840 मध्ये.