राखीव सेफ्टी व्हॉल्व्हचा आउटलेट बंद ठेवावा का?

प्रश्न : बुटीबोरीतील आमच्या कारखान्यात 40 बार दाबावर चालणाऱ्या एका व्हेसलला (दाबाच्या टाकीला) दोन सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढल्यास आपोआप उघडून तो बाहेर सोडणारे) आहेत, एक चालू आणि एक राखीव. फ्लेअर हेडरमधील (जाळून टाकायचा वायू वाहून नेणाऱ्या सामाईक नळातील) वायू उलटा येऊन राखीव व्हॉल्व्ह गंजू नये म्हणून त्याचे इनलेट आणि आउटलेट असे दोन्ही ब्लॉक व्हॉल्व्ह (वाट बंद करणारे व्हॉल्व्ह) बंद ठेवावेत, असे मेंटेनन्स विभाग म्हणतो. ऑपरेशन विभागाचा त्याला विरोध आहे. योग्य काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ऑपरेशन विभागाचे म्हणणे योग्य आहे. राखीव व्हॉल्व्हचा इनलेट कुलूप लावून बंद आणि आउटलेट कुलूप लावून उघडा ठेवावा.

इनलेटचा ब्लॉक व्हॉल्व्ह कितीही घट्ट फिरवला, तरी त्याची सीट (बंद होताना टेकण्याची जागा) कधीच गळणार नाही असे गृहीत धरता येत नाही. तिथून झिरपलेला दाब सेफ्टी व्हॉल्व्हच्या डिस्कखाली (झाकणाखाली) साचतो आणि ती सीटही किंचित गळकी असेल, तर पुढे आउटलेटच्या बाजूला जातो. तुमच्या दाबाला इनलेटचा फ्लँज (नळ जोडण्याची बोल्टची कडी) बहुधा क्लास 300 चा (क्लास म्हणजे दाब सोसण्याची श्रेणी), तर आउटलेटचा क्लास 150 चा असेल; कार्बन स्टीलचा क्लास 150 फ्लँज सामान्य तापमानाला सुमारे 19.6 बारपर्यंतचाच असतो. आउटलेट बंद असेल, तर त्या बंदिस्त तुकड्यातील दाब हळूहळू 40 बारकडे चढू शकतो. त्या तुकड्यावर सहसा गेज नसल्यामुळे बाहेरून काहीच कळत नाही आणि फिटर नट सैल करू लागतो तेव्हाच धोका समोर येतो. आत द्रव अडकला असेल, तर नागपूरच्या मे महिन्यातील उन्हाने तो प्रसरण पावूनही दाब झपाट्याने वाढतो.

मेंटेनन्स विभागाची गंजाची काळजी मात्र रास्त आहे. फ्लेअरचा वायू खरोखरच संक्षारक असेल, तर राखीव व्हॉल्व्ह काढून, तपासून स्टोअरमध्ये ठेवावा आणि उघड्या फ्लँजांना ब्लाइंड (बंद झाकणे) लावावेत. व्हॉल्व्ह काढताना आउटलेट बंद करावाच लागतो. पण त्याआधी इनलेट ब्लॉक व्हॉल्व्ह आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामधील ब्लीड (अडकलेला दाब सोडण्याचा छोटा व्हॉल्व्ह) सुरक्षित जागी उघडून दाब उतरल्याची खात्री करावी.

अदलाबदलीचा क्रम चुकता कामा नये. राखीव व्हॉल्व्हचा आउटलेट उघडा आणि ब्लीड बंद असल्याचे पाहून त्याचा इनलेट सावकाश पूर्ण उघडावा आणि त्यानंतरच चालू व्हॉल्व्हचा इनलेट बंद करावा. थोडा वेळ दोन्ही उघडे राहिले तर बिघडत नाही. व्हेसल क्षणभरही संरक्षणाविना राहता कामा नये. किल्ली-इंटरलॉक (एक व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय दुसरा बंद करण्याची किल्ली न सोडणारी कुलूप-रचना) असल्यास ही खात्री माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडावी लागत नाही, म्हणून मी त्याचा आग्रह धरेन.

ब्लॉक व्हॉल्व्ह फुल बोअरचे (आतली वाट नळाइतकीच रुंद असलेले) असावेत. गेट व्हॉल्व्ह असल्यास त्याचा स्पिंडल (फिरवायचा दांडा) आडवा किंवा खाली तोंड करून बसवावा, म्हणजे गेट (आतला सरकता पडदा) निखळले तरी वाट बुजत नाही. बॉयलरला मात्र ही मुभा नाही; तिथे बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ब्लॉक व्हॉल्व्ह चालत नाही. तुमचे व्हेसल दाबाखालील वायूंच्या टाक्यांसाठीच्या 2016 च्या केंद्रीय नियमांखाली येत असेल, तर रचनेत फेरबदल करण्यापूर्वी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे (पेसो) विचारणा करावी. या संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे.