अलास्का क्रूझ: कोणत्या बंदरावर काय घ्यावं, काय सोडावं

तुमचा बेत वाचला. जुलैत सिॲटलहून सात रात्रींची क्रूझ, त्यात जूनो, स्कॅगवे, केचिकन, एक दिवस ग्लेशियर बे आणि परतताना कॅनडातलं व्हिक्टोरिया. सोबत सत्तरीतले आई-बाबा, बाबांचे गुडघे दुखतात, आणि नऊ वर्षांची लेक. तीन बंदरांसाठी तुम्ही पाच सहली निवडल्यात आणि अजून काही राहिलं का, असं विचारलंय. मी म्हणेन, दोन ठेवा आणि तीन काढून टाका.

आम्ही आजवर तीनदा गेलो. पहिल्यांदा सासू-सासरे बरोबर होते आणि आमची यादीही अशीच भरगच्च होती. जूनोमध्ये सकाळी देवमासे आणि दुपारी हिमनदी, लागोपाठ. दुपारची सहल बाहेरून बुक केली होती. तिची बस परतायला उशिरा आली आणि सासरे काठी टेकत, धापा टाकत कसेबसे बोटीवर पोचले. दुसऱ्या दिवशी ग्लेशियर बे होतं. ते दिवसभर केबिनमध्ये पडून राहिले आणि सासूबाई त्यांच्या उशाशी. ज्यासाठी एवढ्या लांब आणलं तेच त्यांचं बघायचं राहिलं. मला ते अजूनही लागतं.

म्हणून ग्लेशियर बेचा दिवस आधी राखून ठेवा आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवा. त्या दिवशी बोट कुठेच लागत नाही, एक पैसा वेगळा पडत नाही, त्यामुळे लोक तो आरामाचा दिवस समजतात. पण ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे, या पार्कात दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी असते आणि तुमची त्यातली एक आहे! सकाळी पार्कचे रेंजर छोट्या होडीतून येऊन बोटीवर चढतात आणि दिवसभर स्पीकरवरून माहिती देतात. लेकीसाठी त्यांच्याकडून ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागून घ्या. माझ्या मुलीने ती पूर्ण करून बिल्ला मिळवला होता.

१७५० च्या सुमारास ही सगळी खाडी बर्फाने भरलेली होती. बर्फ पुढे सरकला तेव्हा तिथल्या मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांना गावं सोडून जावं लागलं. १७९४ मध्ये दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतल्या लोकांना किनाऱ्यात नुसती एक लहानशी खाच दिसली होती. निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर १८७९ मध्ये आला तोवर बर्फ साठ-सत्तर किलोमीटर मागे गेला होता. आता तुमची बोट सुमारे शंभर किलोमीटर आत जाते. हे आधी ठाऊक असलं की वाटेतले डोंगर नीट बघता येतात. खाडीच्या तोंडाशी दाट जंगल असतं, आत जावं तशी झाडं खुजी होतात आणि शेवटी उघडा खडक उरतो. ज्या जमिनीवरून बर्फ हटून जास्त वर्षं झाली तिथे जंगल दाट, इतकं ते सोपं आहे.

शेवटी मार्जरी ग्लेशियर. पाण्यावर सुमारे २५० फूट उंच, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी बर्फाची भिंत. लांबून ती एवढीशी वाटते, पण तिच्यापुढून उडणारे पांढरे पक्षी दुर्बिणीतून शोधा, म्हणजे खरा आकार कळेल. बोट तिथे साधारण तासभर थांबते आणि सावकाश गोल फिरते, त्यामुळे बाल्कनी डावीकडे की उजवीकडे याची काळजी नको. बाबांना बाल्कनीत खुर्ची, पांघरूण आणि कानटोपी देऊन बसवा. तुम्ही मात्र पुढच्या उघड्या डेकवर जा. कान बर्फाकडे असू द्या, पण नजर आवाजामागे नेऊ नका. धडाड आवाज ऐकू येईपर्यंत तुकडा पडून गेलेला असतो, कारण बोट दूर असते आणि आवाज मागून येतो. भिंतीवरून बारीक चुरा घसरताना दिसला की तिथेच नजर ठेवा. बऱ्याचदा त्याच जागेवरचा मोठा कडा पाठोपाठ सुटतो. ट्लिंगिट लोक या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात. मधल्या शांततेत पाण्यावरच्या तुकड्यांकडेही कान द्या, फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. बर्फात दाबून राहिलेली जुनी हवा फुटून बाहेर पडत असते. त्या तासात बुफेत जेवायला जाऊ नका. चहा थर्मासमध्ये भरून घ्या.

आता बंदरं. जूनोमध्ये देवमाशांची सहल घ्या, यादीत पैसे टाकावेत अशा दोनपैकी ही पहिली. हिवाळा हवाईत काढलेले हंपबॅक जातीचे देवमासे उन्हाळ्यात इथे चरायला येतात. आई-बाबांसाठी बंद, उबदार केबिन आणि टॉयलेट असलेली मोठी होडी निवडा. फोटोंच्या मोहाने लहान, उघडी होडी घेऊ नका. मेंडेनहॉल ग्लेशियर शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. सिटी बस स्वस्त पडते, पण ती अलीकडे सोडते आणि पुढे दीड मैल चालावं लागतं. बाबांना ते झेपणार नाही. तसाही मार्जरी बघणारच आहात, तेव्हा हे सोडा. हेलिकॉप्टरची सहलही काढा. खर्च प्रचंड आहे आणि धुकं आलं की रद्द होते.

स्कॅगवेला व्हाइट पासची रेल्वे. ही दुसरी. १८९६ मध्ये कॅनडातल्या क्लाँडाइकला सोनं सापडलं, त्या गर्दीसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली ही नॅरोगेज. माथेरानच्या गाडीत बसलेल्या माणसाला वळणांची कल्पना असेल, इथे मात्र एका बाजूला थेट दरी. जाताना डावीकडे बसा. तिकीट बोटीकडूनच काढा. थोडं महाग पडतं, पण बहुतेक वेळा गाडी धक्क्याजवळूनच सुटते आणि तिला उशीर झाला तरी बोट थांबते. माथ्यापर्यंत जाऊन परत येणारी, पावणेतीन तासांची फेरी घ्या. फ्रेझर किंवा कारक्रॉसला उतरवणारी सहल कॅनडात शिरते, तिचे कागदपत्रांचे नियम वेगळे.

केचिकनला काहीच बुक करू नका. वर्षाला ३,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं गाव ते. छत्र्या नकोत, चांगले रेनकोट हवेत. क्रीक स्ट्रीटच्या लाकडी पुलावरून ओढ्यात बघा, जुलैत सामन मासे प्रवाहाविरुद्ध चढायला लागलेले असतात. आमची लेक तिथून तासभर हलली नाही. फक्त तुमची बोट गावात लागते की वॉर्ड कोव्हला, हे आधी बघा. वॉर्ड कोव्ह गावापासून बरंच दूर आहे, बसने यावं लागतं.

घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा. अलास्काची वेळ सिॲटलच्या एक तास मागे असते आणि फोन आपोआप बदलतो, त्यात घोटाळे होतात.

आणि आई-बाबा भारतीय पासपोर्टवर येणार असतील तर सगळ्यात आधी व्हिसा बघा. सिॲटलहून निघणाऱ्या परदेशी नोंदणीच्या बोटींना १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून हे व्हिक्टोरिया. तिथे तुम्ही खाली उतरणार नसलात तरी कॅनडाच्या व्हिसाचं काम आधी उरका आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, तेही बघा. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला चेक-इन काउंटरवरून परत पाठवलं होतं. व्हिसाला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो, तेव्हा सहली नंतर, अर्ज आजच.