नोकरी गेल्याचं बाहेर कुणालाच सांगितलेलं नाही

"ताई, मी ४७ वर्षांचा आहे. हिशेबखात्यातलं आमचं बरंचसं काम कंपनीने सॉफ्टवेअरवर टाकलं आणि माझ्यासकट अर्धं खातं कमी केलं. घरी माहीत आहे, बाहेर कुणालाच नाही. रोज सकाळी फेसबुकवर सुविचार टाकतो. लोक हात जोडतात, पण फोन एकाचाही येत नाही. मित्रांच्या बढत्या बघवेनात म्हणून त्यांचा ग्रुप सोडला. रात्री उशिरापर्यंत एका गुरुजींचे व्हिडिओ ऐकतो, तेवढ्यापुरतं शांत वाटतं. ते म्हणतात, पैशाची चणचण हे आपल्याच खालावलेल्या स्पंदनांचं फळ. त्यांच्या ऑनलाइन शिबिराची फी मी पत्नीला न सांगता भरली. आता पुढच्या, महागड्या टप्प्याचं बोलावणं आलंय. परवा एका जुन्या सहकाऱ्याला 'जरा बोलायचं होतं' असं लिहिलं आणि पाठवण्याआधीच पुसून टाकलं. सोशल मीडिया कायमचा बंद करून साधनेला लागू का? की मी पळ काढतोय?"

सगळ्यात आधी, पुढच्या टप्प्याचे पैसे भरू नका. आणि आधी भरलेल्या फीबद्दल पत्नीला आजच सांगा. त्या रागावतील, तसा त्यांना हक्कही आहे. पण या काळात तुमच्या बाजूने उभं असलेलं हे एकच माणूस आहे, त्यांच्यापासून काही लपवून तुम्हाला मनःशांती कशी मिळेल?

आता त्या स्पंदनांबद्दल. तुमच्याबरोबर अर्धं खातं घरी बसलं. त्या सगळ्यांची स्पंदनं एकाच महिन्यात खालावली होती का? काम यंत्राकडे गेलं कारण कंपनीला ते स्वस्त पडलं. ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याच्या माथी दोष मारायचा आणि मग तो दोष धुण्याची फी घ्यायची, हा प्रकार मला क्रूर वाटतो. अशा शिकवणीला मी अध्यात्म म्हणणार नाही.

तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त लागलं ते पुसून टाकलेलं वाक्य. त्यावरून मला ऑस्ट्रियातल्या मारियनथाल या गावाची आठवण झाली. तिथली कापडगिरणी १९२९-३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन बारकाईने अभ्यास केला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता. वाचनालयाची फी माफ केलेली होती. तरी दोनेक वर्षांत वाचायला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. मंडळांची सदस्यसंख्या घटली. रस्त्यावरून जाताना पुरुष वारंवार थांबायचे, त्यांची चालसुद्धा मंदावली होती. पगाराबरोबर दिवसाची घडी जाते, चार माणसांत असणं जातं, आपला कुणाला तरी उपयोग आहे ही जाणीव जाते, हे याहोडाने पुढे आयुष्यभर मांडलं. तुम्ही आळशी किंवा दुबळे झालेले नाही. या परिस्थितीत माणसाचं असंच होतं.

मारियनथालच्या माणसाच्या हातात फोन नव्हता, एवढा फरक. तुमच्या हातात आहे, आणि त्यात रोज इतरांच्या आयुष्यातले निवडक चांगले क्षण दिसतात. तुम्हीही तेच करताय, हे मात्र लक्षात घ्या. सकाळच्या सुविचारामागे नोकरी गेलेला माणूस आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं? हात जोडणारे निष्ठुर नसतील, त्यांना ठाऊकच नाही. त्यातला एखादा स्वतःही याच अवस्थेत असेल आणि तुमचा सुविचार पाहून त्याला वाटत असेल, याचं बरं चाललंय.

म्हणून सोशल मीडिया कायमचा बंद करायला मी सांगणार नाही. रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, एवढं मात्र कराच. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. सुविचार काही दिवस थांबवा. तीच फोनमधली यादी उघडा आणि ज्यांच्याशी एके काळी काम केलंय अशी नावं शोधा. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांपैकी बहुतेकांना ती क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. जवळच्या मित्रांना साधारण आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. लांबच्या ओळखीच्या माणसाकडे वेगळ्या ठिकाणची खबर असते. पण तुमची गरज त्याच्या कानावर पडली तरच तो ती सांगणार ना!

साधना जरूर करा. सकाळी उठून, फोन दूर ठेवून, ठरलेल्या वेळी जप करा, ध्यान करा, नुसते शांत बसा. घडी मोडलेल्या दिवसाला त्यामुळे एक सुरुवात मिळेल. साधना करून उठल्यावर माणसांशी बोलावंसं वाटतं की त्यांना टाळावंसं वाटतं, हे बघत जा. टाळावंसं वाटलं, तर तुम्ही विचारलंत तसा तो पळच आहे. शक्य असेल तर चार लोक समोरासमोर बसून प्रार्थना करतात अशा ठिकाणी जा. तिथे एक दिवस गेला नाहीत, तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं.

आणि त्या सहकाऱ्याला पुन्हा लिहा. 'जरा बोलायचं होतं' यात फारच झाकलेलं आहे, स्पष्ट लिहा: "माझी नोकरी गेली. काही महिने कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगावंसं वाटलं. फोन केला तर चालेल का?" तो कदाचित चार दिवस उत्तर देणार नाही. अशा वेळी काय बोलावं ते खूप जणांना सुचत नाही, त्याचा अर्थ लावत बसू नका. यादीतल्या पुढच्या माणसाला लिहा.